चार गाळे, छत्तीस फळ्या

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे एक अरुंद गल्ली आहे. तिथे चंपा ओव्हाळ यांची इमारत आहे. खाली चार गाळे, वर माळा. माळ्यावर त्या एकट्या राहतात. गल्लीत सगळे त्यांना चंपामावशी म्हणतात. मीही म्हणते.

गाळ्यांना शटर नाही, लाकडी फळ्या आहेत. एका गाळ्याला नऊ. सकाळी एकेक फळी खोबणीतून सरकवून काढायची, रात्री त्याच क्रमाने लावायची. फळ्यांवर आकडे रंगवले आहेत. ते मावशीच्या सासऱ्यांच्या हातचे. सासरे रेल्वेत खलाशी होते. छप्पन्न साली त्यांनी धम्म घेतला आणि त्यानंतर दहा वर्षांनी ही इमारत घेतली. विकणाऱ्या व्यापाऱ्याला ती लहान पडत होती. सासऱ्यांना शिलाईचं दुकान टाकायचं होतं. त्या काळी बाजारपेठेत त्यांना कोणी गाळा भाड्याने देत नव्हतं, म्हणून त्यांनी गाळेच घेतले. मावशीने हे मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगितलं की मागं."

मावशी गाळा भाड्याने देत नाही, फळ्या देते. तीन फळ्यांपेक्षा कमी नाही. तीन फळ्या म्हणजे एक टेबल आणि त्यामागे एक माणूस. वेळही वाटलेली असते. औंढ्याचे दत्तोबा सकाळी सहाला तीन फळ्या उघडतात आणि भाजी मांडतात. अकराला ते जागा झाडून देतात आणि उरलेली भाजी घेऊन जोत्याच्या कडेला बसतात. मग तिथेच रेणुका शिलाईयंत्र ओढून आणते. तिच्या साडीच्या फॉलला भाजीची पानं चिकटतात. त्यावरून दोघांचं रोज वाजतं.

"आबा, आज परत मेथी."

"मेथी हाय, सोनं न्हाई. झटक."

एम. ए. झाल्यावर मला वर्षभर नोकरी मिळाली नाही. लॅपटॉप होता. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यावेत असं ठरवलं. मोठ्या रस्त्यावर गाळ्यांचं भाडं विचारून आले. मग इथे आले. मावशी माळ्याच्या खिडकीतून म्हणाली, "शिकल्याली हाईस. तीन फळ्या बास होतील."

माझ्या शेजारच्या तीन फळ्यांत हौशीराम बसतो. मिक्सर, शेगड्या, इस्त्र्या दुरुस्त करतो. लोणावळ्यात बंगले पुष्कळ, मालक शनिवारी येणार, म्हणून गुरुवारी-शुक्रवारी बंगल्यांचे राखणदार गल्लीत येतात. मिक्सर हौशीरामकडे टाकतात. पडदे रेणुकाकडे. तोवर माझ्याकडे मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. जाताना दत्तोबांकडची उरलेली भाजी. एका खेपेत चार कामं होतात. मला आधी वाटायचं की लोक आम्हा प्रत्येकाकडे वेगवेगळे येतात. तसं नव्हतं. लोक गल्लीकडे यायचे.

इथे सुरू करून बाहेर पडलेले बरेच आहेत. हॉटेलांना भांडी पुरवणारा निलेश त्यातलाच. त्याचं आता मोठ्या रस्त्यावर दुकान आहे. तो इथे दोनदा बुडाला होता. एकदा बांगड्यांत, एकदा मोबाईलच्या कव्हरांत. तिसऱ्यांदा कुकर दुरुस्त करू लागला, ते चाललं. मावशीने तिन्ही वेळा त्याला त्याच फळ्या दिल्या.

"तिसऱ्यांदा कशाला दिल्या?" मी विचारलं होतं.

"उंचावरनं पडलं तर मानूस मोडतंय. हितनं पडलं तर उठून बसतंय."

मावशीचा मुलगा प्रितम. सोमाटण्याजवळच्या कंपनीत सुपरवायझर आहे, तळेगावात राहतो. चांगला माणूस. दर रविवारी येतो, आईची औषधं आणतो. मिळकतीच्या कागदावर दोघांची नावं आहेत. त्याला इथे चार मजली इमारत हवी होती. आईला लिफ्ट, स्वतःला फ्लॅट, खाली शटरचे दोन मोठे गाळे. त्यात चूक काही नव्हती. माळ्याचा जिना उभा आहे आणि मावशीचे गुडघे गेलेत.

दोन वर्षं हा वाद चालला. शेवटी गेल्या माघ पौर्णिमेला, विहारात वंदना झाल्यावर, सगळ्यांच्या समोर मावशीने तो मिटवला.

"पाडनार न्हाई म्हन. मग तू सांगशील तितं सही करते."

"कुठेही?"

"कुटंबी."

प्रितम म्हणाला, "नाही पाडणार." लोक म्हणाले, "साधू, साधू." विषय संपला.

याच सुमारास मी पुण्याच्या एका दैनिकाच्या पुरवणीसाठी लेख लिहिला. विषय होता, ही इमारत. दगडी जोतं, मंगळुरी कौलं, माळ्याची रंगीत काचांची खिडकी, साठ वर्षांच्या हातांनी काळवंडलेलं फळ्यांचं सागवान. फोटोही मीच काढले. सकाळी लवकर काढले, कोणी यायच्या आत. लेख छापून आला तेव्हा मावशीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"ग्वाड लिवलंयस. आन मानसं कुटं हायत ह्यात?"

मी पुरवणीची घडी घातली.

तीन आठवड्यांनी समर्थ आला. पुण्याचा, पस्तिशीचा, अतिशय नम्र. तिथे त्याचे दोन कॅफे होते. त्याने माझा लेख फोनमध्ये ठेवला होता. बरोबर प्रितम होता. चारही गाळे आणि माळा त्याला नऊ वर्षांच्या करारावर हवे होते. मावशीसाठी तळमजल्यावरचं घर तो जवळच बघून देणार होता.

"मावशी, एक वीटसुद्धा हलवणार नाही," तो म्हणाला. "उलट जपणार. हे जे आहे ना, हे आता मिळतच नाही."

"काय मिळत न्हाई?"

"हा फील."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "वातावरण," मी म्हणाले.

"आन हौशीराम?"

"कोण?"

हौशीराम त्याच्या पायाशीच बसला होता. मांडीवर मिक्सरचं भांडं होतं. "मी," तो म्हणाला.

"हो, हो. त्यांचं आपण काहीतरी करू. भिंतीवर फोटो लावू. जुन्या दुकानदारांचे."

"जित्तेपनीच?" हौशीराम म्हणाला. "हार घालनार का?"

समर्थ हसला. तो मनापासून हसला. मग बराच वेळ फोटो काढत फिरला. कौलांचे काढले, खिडकीचे काढले, फळ्यांवरच्या आकड्यांचे अगदी जवळून काढले. जोत्याच्या दगडावर हात फिरवला. महिन्याने मापं घ्यायला आणि कागद करायला येतो म्हणाला.

तो गेल्यावर प्रितम आईच्या शेजारी बसला.

"पाडत नाही कोणी, आई. तुझ्या मनासारखंच झालं ना?"

विहारात दिलेला शब्द होता. इमारत उभी राहणार होती. आतल्या माणसांबद्दल शब्द घ्यायचा राहून गेला होता. इमारत राहिली म्हणजे माणसं राहिलीच, असं मावशी धरून चालली होती.

मी प्रितमशी बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तू लिहिलंस म्हणूनच तो आला. आता तूच नको म्हणतेस?" रेणुकाने दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. जी परवडत होती ती वलवणकडे होती, एकटी, रस्त्यापासून आत. "तिथं माझ्याकडे येणार कोण?" ती म्हणाली. "पडदे द्यायला म्हणून वेगळं कोणी निघतं का घरातून?"

मावशी आठवडाभर खाली आली नाही. आठव्या दिवशी तिने मला वर बोलावलं. चहा केला.

"अनघे, त्या पोराला काय काय आवडलं गं?"

"सगळंच."

"सगळं म्हंजी? नीट सांग."

मी आठवून सांगितलं. कौलं. खिडकी. फळ्यांचा रंग आणि वरचे आकडे. जोत्याचा दगड. ती एकेक बोट दुमडत गेली. चार बोटं झाली.

"आनखी?"

"नाही. एवढंच."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्या आईच्या पाठदुखीची चौकशी केली.

एप्रिलच्या शेवटी मावसबहिणीच्या लग्नाला मी कान्ह्याला गेले. हळदीपासून पाठवणीनंतरच्या आवराआवरीपर्यंत, सहा दिवस. परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मला वाटलं, चुकून पुढच्या गल्लीत आले.

छपरावर निळा पत्रा होता. नवा, उन्हात डोळ्यांवर येणारा. रंगीत काचांच्या खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी होती. जोत्याला न्हाणीघरात लावतात तशा फुलांच्या टाइल्स होत्या, गुलाबी. आणि छत्तीसच्या छत्तीस फळ्यांना पोपटी ऑइलपेंट दिलेला होता. आकडे त्याखाली गेले होते. त्यावर काळ्या रंगात नवे आकडे हौशीरामने काढले होते. सातचा आकडा त्याने उलटा काढला होता.

गाळे उघडे होते. दत्तोबा मेथीच्या जुड्या मांडत होते.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"रंग दिला," दत्तोबा म्हणाले. "टेकू नगंस, वल्ला हाय."

निलेशने माणसं पाठवली होती. चार दिवसांत काम उरकलं होतं. कौलं आणि खिडकी तुंगार्लीच्या एका बंगल्यात गेली. त्या बदल्यात पत्रा आणि टाइल्स आल्या. मी वर गेले. मावशी खाटेवर बसली होती. नाकाला पदर लावला होता. रंगाच्या वासाने तिचं डोकं चढलं होतं.

"मावशी..."

"गळत व्हतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तशी लय वर्सं गळतंय."

समर्थ ठरल्या दिवशी आला. मापं घेणारा एक माणूस बरोबर होता. प्रितमही आला होता. त्यालाही माहीत नव्हतं. तिघं गल्लीत उभे राहिले. मापं घेणाऱ्याने टेप बाहेर काढली होती, ती त्याने परत खिशात ठेवली.

समर्थ रागावला नाही. त्याचा चेहरा कोणी वारल्याचं कळावं तसा झाला. त्याने एका फळीला नखाने खरवडून पाहिलं. "हे निघेल का?" त्याने हौशीरामला विचारलं.

"दोन हात दिल्यात," हौशीराम म्हणाला. "खाली प्रायमर."

प्रितम जिना चढून वर गेला. मी मागे गेले.

"आई, तू हे मुद्दाम केलंस."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. चौथं शील ती रोज म्हणते, मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. मी गळणाऱ्या छपराच्या सबबीची वाट पाहत होते.

"व्हय," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."

"विहारात शब्द दिला होतास."

"पाडलं का? तूबी न्हाई, मीबी न्हाई." तिने उशीखालून चष्मा काढला आणि लावला. "सही करते म्हनले व्हते. आन कागद. कुटं करायची?"

प्रितम उभा राहिला. कागद समर्थच्या पिशवीत होते. खिडकीतून खाली पाहिलं तर गल्लीच्या टोकाला त्याची गाडी मागे घेणं चाललं होतं. दत्तोबा मधे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते.

"लोक हसतील आपल्याला," प्रितम म्हणाला. "कसली दिसतेय ती इमारत."

"हसू दे. हसत हसत इस्त्री टाकून जातील."

प्रितम हसला नाही. दोन रविवार आला नाही. औषधं कंपनीतल्या कोणाबरोबर माझ्याकडे पाठवली.

मी त्या इमारतीबद्दल पुन्हा लिहिलं नाही. रोज तिथेच बसते. काम पूर्वीइतकंच आहे, शुक्रवारी जास्त. आता राजेश्वरी नावाची कामशेतची एक बाई संध्याकाळच्या तीन फळ्यांत नाचणीची बिस्किटं घेऊन बसते. चालतील की नाही, सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात बरीच उरली. ती आम्हीच खाल्ली.

एकदा मी मावशीला विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं?"

"कौलांचं."

तिने वर पत्र्याकडे पाहिलं. "इमारत घेतल्यावर मामंजींनी सोता चढवल्याली ती. मी नवी नवरी, खालून एकेक हातात देत व्हते." मग म्हणाली, "वाटलं की. न वाटायला काय झालं."

पत्रा तापतो. मे महिन्यात दुपारी माळ्यावर बसवत नाही. तिसऱ्या रविवारी प्रितम आला. आल्या आल्या वर गेला, पत्र्याला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. खाली येऊन हौशीरामकडून टेप घेतली आणि छताची मापं घ्यायला पुन्हा वर गेला. आतून थर्माकोल लावायचा म्हणाला.

"आई, जरा सरक, कोपरा मोजू दे."

"सरकते. पर कोपऱ्यात फळी वाळाय ठेवलीया, तिला हात लावू नगंस," मावशी म्हणाली. "कालच परत एक हात दिलाय."