जीपमधला ऑइलचा काटा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही आले. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. अंगात येणं, चकवा लागणं यांवर वर्गात कुणाला बोलूही दिलं नाही. त्यामुळे हे लिहिताना फार संकोच वाटतो आहे... लिहिण्याची सवयही नाही. सांभाळून घ्यावे.

आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी राहतो. यजमानांची दृष्टी अधू झाली तेव्हा, साठीच्या उंबरठ्यावर, मी त्यांची जुनी डिझेल जीप चालवायला शिकले. गावाला करमणूक झाली. "बाय, मागून बैलगाडी येते, साइड द्या!" असं पारावरून ओरडत.

यजमानांचा पहिला धडा ऑइल प्रेशरच्या काट्याचा होता. आमच्या जीपमध्ये इंजिनातलं ऑइल एका बारीक नळीतून थेट समोरच्या तबकडीपर्यंत येतं. त्यात विजेचा संबंध नाही. "इंजिन थंड असताना काटा वर राहील. तापलं की खाली येईल, घाबरू नकोस. उभ्या गाडीत आणखी खाली, पाय दिलास की वर – हे सगळं नॉर्मल. पण इंजिन चालू असताना शून्य दिसलं, की तिथल्या तिथे बंद कर. नाहीतर जाम होईल." मी हे पाढ्यासारखं पाठ केलं.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी वरच्या वाडीतल्या धर्माला डोलीत घालून आमच्या अंगणात आणलं. झोपेत मण्यार डसली होती. रुग्णवाहिका लांब होती. आमची जीप आदल्याच दिवशी गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली होती. धर्माला मागे निजवलं, त्याची बायको हिराबाई उशाशी बसली, आणि मी किल्ली फिरवली. काटा वर आला. मला धीर आला.

पण रस्ता सपाट आणि वेग सारखा असूनही काटा स्थिर नव्हता. हळूहळू चढायचा, हळूहळू उतरायचा... मागून धर्माची घरघर ऐकू येत होती. दोन्हींची लय एकच आहे, हे माझ्या लक्षात आलं.

"ए, डोलं उघड ना," हिराबाई म्हणत होती. "म्हसा आला बघ. जत्रंला बैल घ्यायचा नाय का तुला?"

म्हसा गाव मागे पडलं. वळणावर एक मोठी चिंच आहे. तिच्या सावलीत काटा खाली आला आणि शून्यावर थांबला. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. नियमाप्रमाणे मी गाडी थांबवायला हवी होती. आरशात पाहिलं – हिराबाई पदराने वारा घालत होती. मी थांबले नाही. मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत काटा हलला नाही.

डॉक्टरांनी तपासून मान हलवली. "वाटेतच गेले."

"हात गरम हाय अजून," हिराबाई म्हणाली.

बाहेर येऊन मी जीप सुरू केली. काटा शून्यावरच. घाबरून बंद केली आणि गॅरेजमधल्या आमच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं.

"मॅडम, काटा कसा हालंल? नळी फुटली व्हती, म्हनून मी ती काढून इंजिनाकडचं तोंड बंद केलंय. नवी नळी यायचीय. साहेबांना बोललो व्हतो की."

यजमान मला सांगायला विसरले होते.

काही दिवसांनी हिराबाई आमच्या ओटीवर येऊन बसली. पाणीसुद्धा घेईना.

"बाय, आमच्यात मानूस घराभायेर गेला, तर जिथं जीव गेला तिथला खडा घरी नेत्यात. नायतर तो तिथंच वाट बघत ऱ्हातो. मी उशाशी व्हते, पन मला नाय कळलं गो... तुमी आरशात बघत व्हत्या. कुठं गेला तो?"

यजमान हळूच म्हणाले, "चुकीची जागा सांगितलीस तर?"

नळीच नसलेल्या काट्यावर विसंबून काय सांगणार? पण ती बाई उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हती, आणि माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. मी म्हणाले, "म्हशाच्या पुढे, वळणावरच्या चिंचेखाली."

मीच तिला घेऊन गेले. जाताना काटा शून्यावर होता. चिंचेखाली ती वाकली, एक खडा उचलला, पदराच्या गाठीत बांधला. "चल रे घरी," एवढंच म्हणाली, आणि येऊन बसली.

मी किल्ली फिरवली. काटा वर आला.

या वेळी तो चढत-उतरत नव्हता. मी गती वाढवली, कमी केली. तो होता तिथेच होता. वाडीच्या पाऊलवाटेपाशी हिराबाई उतरली. ती चार पावलं चालून गेली, आणि चालू इंजिनावर काटा सावकाश शून्यावर येऊन टेकला.

मिस्त्रींना मी पुन्हा तपासायला लावलं. तोंड बंदच होतं. नवी नळी आता आली आहे, पण ती मी अजून बसवू दिलेली नाही. कुणाला याचं शास्त्रीय कारण सुचलं तर मला खरोखरच हवं आहे. मला सापडलेलं नाही.

रोज किल्ली फिरवली की आधी काट्याकडे बघते. तो शून्यावर असतो. मगच मी गाडी पुढे काढते.