नकाशाचं बटण

ऑफिसात त्याला सगळे स्वयंभू म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

काम होतं शहराच्या बससेवेत. कोणत्या ड्रायव्हरने कोणती बस किती वाजता घ्यायची, मध्ये कोणी कोणाच्या हातात स्टेअरिंग द्यायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम पायथन नावाच्या संगणक-भाषेत त्याने एकट्याने लिहिला होता. एकट्याने म्हणजे अगदी एकट्याने. बाकीची दुनिया दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार पॅकेजं उचलते आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडते. हा नाही. तारखांचा हिशोब? स्वतः लिहिला. छपाई? स्वतः. "एक पाहुणा बोलावला की तो आपली चार भावंडं घेऊन येतो," असं तो म्हणायचा. "मग घर तुमचं राहत नाही." ऐकणारे माना डोलवायचे आणि आपापल्या टेबलावर जाऊन हसायचे.

आणि मग आली नवी. तिला खरं नावही होतं म्हणा, पण आल्या दिवसापासून सगळे 'नवी'च म्हणत. सहा महिन्यांच्या करारावर घेतलेली, शेजारच्या टेबलावर पाय मुडपून बसणारी, कोड लिहिताना स्वतःशी पुटपुटणारी पोरगी. तिने दोन आठवड्यांत एक नकाशा केला. बसेस रस्त्यावर या क्षणी कुठे आहेत ते ठिपके ठिपके करून पडद्यावर दाखवणारा. कसा केला? चार-पाच पॅकेजं जोडली आणि झाला! स्वयंभूने डोकावून पाहिलं. त्या पॅकेजांनी आपापली भावंडं आणलेली, भावंडांनी मेहुणे आणलेले. त्याच्या तोंडाची चव गेली.

एवढंच असतं तर त्याने तोंड वाकडं करून सोडून दिलं असतं. पण नवीने तो नकाशा आधी एकाच डेपोत चालवून बघितला, आणि नेमक्या त्याच डेपोत त्याची बायको बस चालवायची.

"अरे, काय झकास चीज आहे ती!" बायको जेवता जेवता म्हणाली. दुपारची बस तिला डेपोबाहेर भर रस्त्यातल्या स्टॉपवर आधीच्या ड्रायव्हरकडून घ्यावी लागे. बस वेळेवर आली तर ठीक, नाहीतर उन्हात ताटकळत उभं राहायचं. "आता बटण दाबलं की कळतं बस कुठवर आलीय. तोपर्यंत मी आत डेपोत पंख्याखाली. कोणी केलंय रे ते? त्याचे हात धरून आभार मानायला हवेत."

"त्याचे नाही, तिचे," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

इतकी वर्षं ही बाई त्याने लिहिलेल्या वेळापत्रकावर बस चालवत होती. कधी म्हणाली झकास? एकदाही नाही! सुट्टी चुकली की तेवढी बोंब मारायची. आणि कालच्या पोरीने उसनवारीवर चार ठिपके नाचवले, तर हात धरून आभार? त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. जळत होता नुसता.

पुढच्याच आठवड्यात संधी चालून आली. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळ्या डेपोंत जायची होती, पण काही डेपोंतल्या जुन्या मशीनवर नकाशाची पॅकेजं बसेचनात. विभागाच्या मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. "असं करा, मूळ प्रोग्रॅम सगळीकडे जाऊ दे. नकाशाचं सामान ज्यांना हवं त्यांनीच घ्यावं. जमेल?"

जमेल? त्याचा तर हातखंडाच होता तो. त्याने पॅकेजांचे दोन गट केले: एक लागणारच, दुसरा हवा तर. प्रोग्रॅम बसवताना त्याच्या नावापुढे कंसात 'नकाशा' लिहिलं की दुसरा गट येणार, नाही लिहिलं तर नाही. आणि सामान नसेल तर प्रोग्रॅमने मोडून पडू नये म्हणून नकाशाचं बटणच गायब होणार. काम एकदम चोख. त्यात खोट काढायला कोणाला जागा नव्हती.

फक्त दोन गोष्टी राहिल्या. डेपोंना पाठवलेल्या सूचनांत कंसाबद्दल एक ओळ हवी होती. आणि बटणाच्या जागी 'नकाशा हवा असल्यास असं करा' असा एक निरोप दिसायला हवा होता. दोन्ही राहिल्या. राहिल्या कसल्या, त्याने राहू दिल्या! निरोपाची ओळ त्याने लिहिली होती, वाचली होती आणि पुसली होती.

नवी आवृत्ती सगळीकडे गेली. बायकोच्या डेपोतलाही नकाशा गेला.

"तो नकाशा कुठे गेला रे?" तिने विचारलं. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"ट्रायल होती ना," तो म्हणाला. "संपली असेल."

इकडे नवीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. डेपोंतले किती जण नकाशा उघडतात ते तिला तिच्या मशीनवर दिसायचं. कोणी उघडतच नव्हतं. "सर, बसवताना काही राहिलं नसेल ना?" तिने एकदा चाचरत विचारलं.

"मी बसवलेलं कधी काही राहत नाही," तो म्हणाला. तिने बिचारीने लगेच मान खाली घातली. तिच्या मशीनवर बटण दिसत होतं, त्याच्या मशीनवर दिसत होतं. आपल्या कामात काहीतरी चुकलं, लोकांना ते आवडलं नाही, असं तिने धरून घेतलं. डेपोला फोन करून विचारायचीही तिला लाज वाटू लागली. पुटपुटणं बंद झालं. मोठ्या बाईंनी शुक्रवारी बैठक ठेवली: नकाशा कोणी वापरत नसेल तर बंद करायचा, आणि नवीचा करार पुढे वाढवायचा नाही. स्वयंभूला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. आणि वाटलंही! खोटं कशाला बोला?

गुरुवारी संध्याकाळी बायकोला यायला फार उशीर झाला. तिचा फोन बंद पडलेला. आली तेव्हा टेबलावर ताट वाढलेलं, जेवणातून वाफ निघत होती. ती हात धुऊन बसली, पहिला घास घेतला.

"दमलीस ना?" तो मायेने म्हणाला. "पुलावर फारच वेळ गेला आज."

तिचा हात ताटातच थांबला.

"पुलावर? मी पुलाचं कुठे बोलले?"

त्याने भाजीचं भांडं उगाच तिच्याकडे सरकवलं.

"तुला कोणी सांगितलं मी पुलावर अडकले होते ते?"

तिची नजर ओट्यावरच्या लॅपटॉपकडे गेली. ती उठली, झाकण उघडलं. ठिपके चालत होते. तिची बस डेपोत लागलेली दिसत होती. रोज संध्याकाळी हा गृहस्थ ओट्याशी उभा राहून तिच्या बसचा ठिपका बघायचा, आणि तो डेपोत शिरला की गॅस पेटवायचा. रोज! तिला वाटायचं, याचा अंदाज किती अचूक.

"म्हणजे ट्रायल संपली नाही," ती सावकाश म्हणाली. "मी तिकडे उन्हात उभी होते, आणि तू इथे सावलीत बसून मला बघत होतास."

त्याने पॅकेजांचं सांगायला सुरुवात केली. दोन गट, जुनी मशीनं, कंस. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कंस घालायचा हे आम्हाला कळणार कसं होतं?"

त्याने लॅपटॉपचं झाकण लावलं.

"आणि ती पोरगी?"

"उद्या जाईल बहुतेक," तो म्हणाला, आणि सगळं बोलून बसला. तू तिला झकास म्हणालीस, मला कधी म्हणाली नाहीस, हेही. बायकोने डोक्याला हात लावला. "अरे देवा! अरे, ते वेळापत्रक आहे म्हणून तर मी रोज जेवायला घरी असते. ते काय रोज बोलून दाखवायचं?" मग ताट पुढे सरकवलं. "ते लॅपटॉपमधलं काढून टाक. मी कुठे आहे ते मी येऊन सांगेन."

शुक्रवारी बैठकीत मोठ्या बाईंनी तोंड उघडायच्या आत तो बोलला. "नकाशा कोणी नाकारलेला नाही. मी तो लपवला होता. बटण कसं मिळवायचं ते मुद्दाम सांगितलं नाही." बाईंनी त्याला नंतर केबिनमध्ये बोलावलं, आणि काय बोलायचं होतं ते बोलल्या. नवीचा करार वाढला.

नवी मात्र 'जाऊ द्या सर' वगैरे काही म्हणाली नाही. "मी रोज माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होते," एवढंच म्हणाली आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसली. पुसलेली ओळ त्याने परत लिहिली, सूचनांत कंसाची ओळ घातली आणि सगळ्या डेपोंना पाठवलं. दुपारी शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी मोठ्याने हसत बोलत होतं, आणि ते हसू त्याने झोपेतही ओळखलं असतं. नवीही हसली. त्याचं तेच जुनं जळणं पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी लॅपटॉपमध्ये ठिपके नव्हते. त्याने दोनदा जेवण गरम केलं, दोनदा गॅस बंद केला. शेवटी गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि रस्त्याच्या टोकाकडे बघू लागला. पाय दुखायला लागले. पुलावर अडकली असेल, की त्या पोरीशी गप्पा मारत बसली असेल? दोन्हींपैकी आपल्याला जास्त काय टोचतंय, हे त्याचं त्यालाच कळेना.