हळद लाल झाली तो दिवस

“मॅडम, इस बाई को आज ही हटाइए,” विज्ञानाचे सर भरल्या वर्गात मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले. तेजाब, म्हणजे ॲसिड, आणि कॉस्टिक सोडा मिसळून मुलींना मीठ करून दाखवायचं होतं, पण पाणी आटल्यावर वाटीत नुसता चिकट लगदा उरला, आणि मी भांडी नीट धूत नाही, सोडा तसाच राहतो, असा ठपका माझ्यावर आला. हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या त्या शाळेत मी प्रयोगाची भांडी धुवायची, आणि घरात कमावणारी मी एकटीच होते. “थांबा सर,” मी म्हटलं. हळदी-कुंकवासाठी टोपी बाजारातून आणलेली हळद पिशवीत होती. चुना कालवला की तिचं कुंकू होतं, हे मला आईने शिकवलेलं, आणि सोडाही चुन्यासारखाच झोंबरा. मी धुतलेल्या वाटीत ओली हळद फिरवली, ती पिवळीच राहिली. सरांच्या पेल्यात त्याच मिश्रणाचं पाणी उरलं होतं, त्यात टाकली, तर लालभडक झाली. “बर्तन साफ है. सोडा आपने ज़्यादा डाला.” मुली खिदळल्या. “अब तू मुझे सिखाएगी?” “हो. हळद पिवळी होईपर्यंत तेजाब थेंब थेंब घाला.” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “डालिए, सर.” त्यांनी घातलं, आटवलं, आणि वाटीत पिवळसर पण कोरडं मीठ उरलं. सरांनी माफी मागितली नाही, मला नकोच होती. आज कुंकू कालवताना हे आठवलं. मी चौथी पास आहे, आणि त्या शाळेतून रिटायर होऊनच बाहेर पडले.