कुरामोचींची बाटली

ओसाकात, जूसो भागातल्या एका गल्लीत तोमिएचा बार होता, जेमतेम आठ खुर्च्यांचा. गिऱ्हाइकं तिला ममा म्हणत. त्यांची रडगाणी ऐकायची, बेसूर गाण्यांना टाळ्या वाजवायच्या आणि मागच्या फळीवर त्यांच्या व्हिस्कीच्या बाटल्या सांभाळायच्या, हा तिचा धंदा. विकत घेतलेली बाटली गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी घालून तिथेच राहायची. मालक फार दिवस फिरकला नाही तर ती काढून टाकायची, असा रिवाज. पण तोमिएने तो कधी पाळला नाही. मेलेल्यांच्या बाटल्याही ती पुसून ठेवी.

अपवाद फक्त कुरामोचींचा.

लिफ्ट दुरुस्त करणारे हे अबोल गृहस्थ वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत. वसंतात ते यायचे बंद झाले. मग एका संध्याकाळी तोमिएने त्यांना समोरच्याच इमारतीत शिरताना पाहिलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर तरण्या पोरींचा नवा बार उघडला होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच, मान खाली घालून, चोरासारखे. तोमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्री तिने त्यांची बाटली खाली काढली. "प्या रे, आज ममाकडून!" बाटली संपली तेव्हा तिला चक्क बरं वाटलं. चिठ्ठी मात्र, का कोण जाणे, तिने खणात टाकली.

पानगळीत एके दिवशी, बार उघडायच्या आधी ती मुळा शिजवत होती, तेव्हा एक तरुणी दारात आली.

"ममा ना तुम्ही? मी चिहारु, कुरामोचींची मुलगी. बाबा गेले, गेल्या महिन्यात."

"अगं बाई! कशाने?"

"किडन्या. समोर पाचव्या मजल्यावर डायलिसिसला यायचे ना. दारू बंद झालेली. न पिता ममाची खुर्ची कशी अडवू, म्हणायचे. पण पलंग खिडकीजवळचाच हवा! तुमची दिव्याची पाटी पेटली की सांगायचे, माझी बाटली आहे तिथे." ती हसली. "ती नेऊ का? फोटोपुढे पेलाभर ठेवीन."

तोमिए पडद्याआड गेली. त्याच छापाची नवी बाटली उघडून तिने अर्धी मोरीत ओतली आणि जुनी चिठ्ठी अडकवली. तिला स्वतःची शिसारी आली.

चिहारुने बाटली दोन्ही हातांत घेतली आणि कमरेत वाकली. "सांभाळलीत. बाबा म्हणायचेच, ममा कुणाची टाकत नाही, माझी तर नाहीच."

"थांब, पोरी." तोमिए म्हणाली. "ही ती नव्हे. ते त्या पोरींकडे जातात असं वाटलं मला. रागाच्या भरात मी ती वाटून टाकली."

 चिहारुने बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी सोडवली. "अक्षर तरी त्यांचंच ना?"

"हो."

"मग ही पुरे." बाटली तिथेच ठेवून ती निघून गेली. या वेळी ती वाकली नाही.

आज पाटी लावूच नये, असं तोमिएला वाटलं. पण पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत आता दुसरंच कुणीतरी पडलेलं होतं, इकडेच तोंड करून. तिने बटण दाबलं.