खुर्चीवरचा फोन आणि तीन काडतुसे

नोकरीतली बरीच प्रकरणे आता गुन्हा नंबरापुरतीच लक्षात आहेत. मांडवात खुर्चीवर ठेवलेला एक फोन मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्या भागातले पुष्कळ लोक कतारला कामाला. लग्नाला सुट्टी मिळत नाही, म्हणून तिकडे एक पद्धत पडली होती. पहिल्या रांगेत त्या माणसाची खुर्ची मांडायची, तिच्यावर उशी, आणि उशीला टेकवून व्हिडिओ कॉल सुरू असलेला फोन.

त्या दुपारी कतारमधल्या मेसईदला वेल्डर असलेल्या एकाच्या धाकट्या भावाचे लग्न होते. अक्षता पडल्यावर एका बड्या कंत्राटदाराने परवान्याचे पिस्तूल काढून बार उडवले. माळवदावर उभ्या असलेल्या वेल्डरच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या उजव्या खांद्यातून गोळी आरपार गेली.

ठाण्यात खबर आली ती 'सुतळी बॉम्बमुळे जखम' अशी. मी पोचेपर्यंत मांडव झाडून झाला होता. एकही रिकामी पुंगळी सापडली नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी पाहुण्यांच्या फोनमधले व्हिडिओ उभे राहून पुसून घेतले होते. मी बावन्न जबाब घेतले आणि बावन्नही जणांनी फटाकाच सांगितला, तोही जवळपास त्याच शब्दांत. खोटे बोलणारे एकमेकांशी विसंगत बोलतात. घाबरलेले मात्र सारखे बोलतात, हे तेव्हा पुन्हा पाहिले.

चौथ्या दिवशी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला.

"साहेब, पोरीचा बाप बोलतोय, कतारहून. सगळ्यांचे फोन पुसले म्हणत्यात. खुर्चीवरचा कुणी पुसला का?"

"म्हणजे?"

"प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. रूमवरच्या सोबत्याला म्हणलं, तू बघ अन् रेकॉर्ड कर, ड्यूटी सुटली की मी बघतो. त्यात हात दिसतोय साहेब. तीन बार हायेत."

रेकॉर्डिंग आले. मनगट, दोन अंगठ्या, पिस्तूल आणि तीन बार. चेहरा नव्हता.

कंत्राटदार स्वतःच्या गाडीतून आला आणि त्याने चहा मागवला. "हात कुणाचाही असेल. माझं पिस्तूल कपाटात होतं. मोजून घ्या, पंचवीस काडतुसं आहेत."

नोंदीप्रमाणे त्याने पंचवीस घेतली होती आणि पंचवीसच भरली. पण कुणी आपणहून मोजायला सांगितले, की मी दोनदा मोजतो. पंचांसमोर एकेक काडतूस टेबलावर उलटे उभे केले. बावीस बुडांवर कंपनीचा एक छाप होता, उरलेल्या तिनांवर दुसराच. त्याची पावती एकाच खोक्याची होती.

"ही तीन कुठली?"

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "आमदारांना फोन लावू द्या."

"लावा. ही तीन कुठून आली, तेही त्यांनाच विचारा."

संध्याकाळी त्याने कबूल केले. संख्या भरण्यासाठी ती दुसऱ्या एका परवानाधारकाकडून आणली होती.

दोषारोपपत्र गेले, तो जामिनावर सुटला. परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव मी जिल्हाधिकारी कार्यालयाला तीन वेळा पाठवला. तिन्ही वेळा आमदारांचे शिफारसपत्र आडवे आले: 'जीवितास धोका असल्याने शस्त्र आवश्यक.' पुढच्या लग्नसराईत तो नवे पिस्तूल कमरेला लावून फिरत होता. मी चौथा प्रस्ताव पाठवला नाही. थकलो होतो, आणि नोकरीही होती.

नंतर मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. घर त्याच तालुक्यात बांधले, मतदारयादीत नाव तिथेच. कामाला मेसईदच्या एका कंपनीच्या सुरक्षा विभागात लागलो आणि दोह्याच्या अबू हमूर भागात राहू लागलो. वेल्डरची प्रत्यक्ष भेट इथेच झाली.

गेल्या हिवाळ्यात ते आमदार दोह्याला आले. शुक्रवारी सकाळी एका इंजिनिअरच्या घरी त्यांचा सत्कार ठेवला होता. दोह्यातल्या नजमा भागातून, मेसईदहून त्यांच्या मतदारसंघातले आम्ही एक्केचाळीस जण जमलो. वेल्डरने पहिल्या रांगेत एक खुर्ची मांडली, वर उशी आणि फोन.

"अरे वा, कुणाचं लग्न?" आमदार हसले. बाकी कुणी हसले नाही.

वेल्डरने शालीऐवजी कागद पुढे केला. शिफारस मागे घेतो, परवाना रद्द व्हावा असे लेखी कळवतो, आणि लग्नात शस्त्र आणण्यावर बंदीचा प्रश्न अधिवेशनात मांडतो, एवढेच त्यात होते.

"परत गेल्यावर बघतो. इन्शाल्ला!"

"सुट्टी मागितली की आमचा फोरमनबी हेच म्हणतो," मागून आवाज आला.

आमदारांचा चेहरा बदलला. "तुम्ही मतदानाला तरी येता का?"

मी उठलो. "आम्ही नाही आलो तरी घरचे जातात. एक्केचाळीस घरं, एकशे त्र्याऐंशी मतं. भाग क्रमांकासह यादी मागे जोडली आहे. मोजून घ्या."

"तुम्ही पोलीस ना?"

"होतो. आता मतदार आहे."

तेवढ्यात फोनमधून मुलगी बोलली. आता ती चौदाची आहे. "काका, माझा उजवा हात वर होत नाही. मी डाव्यानं लिहायला शिकले. तुमचा उजवा चांगलाय ना? मग करा की सही."

आमदारांनी पेन मागितले आणि सही केली. "झालं? खलास?"

"खलास नाही साहेब," वेल्डर म्हणाला. "अधिवेशन बाकी हाय."

परवाना दोन महिन्यांत रद्द झाला. माझ्या तीन प्रस्तावांनी जे झाले नाही, ते एका यादीने केले. नोकरीत मी काडतुसे मोजली, पण त्या बावन्न घाबरलेल्यांना कधी एकत्र बसवले नाही. ही माझी चूक होती आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

अधिवेशनात प्रश्न अजून आलेला नाही. म्हणून दर शुक्रवारी आमच्यातला एकजण आमदारांना फोन लावतो. ठाण्यात बीटची ड्यूटी लावायचो, तशी एक्केचाळीस जणांची पाळी मी लावली आहे. कोण बोलले, काय उत्तर मिळाले, याची वहीत नोंद होते. पहिल्यांदा ते पाच मिनिटे बोलले. आता आवाज ओळखला की फोन ठेवून देतात. आम्ही पुन्हा लावतो.

या शुक्रवारी पाळी माझी आहे.