तोंडात धरलेलं ग्लुकोज

आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. शिट्टी मात्र ते झोकात वाजवत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ग्लुकोजचं पाणी तोंडात घोळवायचं आणि थुंकून टाकायचं, हा त्यांचा शोध. "पोटात गेलं का गोळा येते. जिभेले गोड लागलं पाह्यजे, बस," असं ते ठासून सांगत. ग्लुकोजचा एकच डबा वर्षभर पुरवायचा म्हणून हे शास्त्र निघालं, अशी माझी समजूत होती. तरी खरं सांगायचं तर सरावात मला त्या घोटाने हुरूप यायचा. का, ते कळत नसे.

कॉलेजच्या संघाची निवड सक्करदऱ्याच्या तलावाभोवती होती. पहिले पाच घेणार होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि तिथे मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. संघात आलो तर हाक मारतील, असं वाटायचं.

शेवटच्या फेरीला मी चौथा होतो. ग्लुकोजच्या टेबलाशी पाहतो तर पेला घेऊन प्राचार्य स्वतः उभे. मोठ्यांपुढे मिरवायची संधी आमचे सर सोडत नसत. माझ्यापुढचा कामठीचा मुलगा घोट घेऊन त्यांच्या बुटांपाशी पचकन थुंकला आणि निघून गेला. मला ते होईना. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसत नाहीत, तिथे थुंकायचं कसं? गिळायची तर मनाई. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत मी वळणावरच्या बाभळीआड जाईपर्यंत तसाच रखडलो. तेवढ्यात दोघे पुढे गेले. मी सहावा आलो.

"तोंडात काय धरून राहिला होता गा?" सरांनी विचारलं.

"ग्लुकोज, सर. प्राचार्य साहेब समोर होते ना."

"मंग? थुकाले मुहूर्त पाह्यजे होता काय तुले?"

प्राचार्यांनी ते ऐकलं. "संस्कारी मुलगा आहे," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. नाव विचारलं नाही.

पाच नावं वाचून झाली. मग सरांनी उरलेलं ग्लुकोज पेल्यांत ओतून शर्यत पाहायला खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांपुढे फिरवलं. पाहुण्यांनी ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. पोटात गोळा कुणालाच आला नाही.