भावासाठी एक इंग्रजी वाक्य

वर्ल्डकपची स्टेडियमं बांधली जात होती, तेव्हाची गोष्ट. मनगट मुरगळलं म्हणून मी दोह्याच्या एका हॉस्पिटलात बसले होते. शेजारी साइटच्या निळ्या कपड्यांतला एक माणूस होता. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून तो जवळ सरकला.

"ताई, 'मला माझा भाऊ दाखवाल का' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

त्याचा धाकटा भाऊ लुसैलच्या स्टेडियमवर काम करताना परांचीवरून पडला होता आणि आत, पडद्यामागे होता.

मी शाळेत इंग्रजीच शिकवते. "कुड यू शो मी माय ब्रदर," मी सांगितलं. "कॅनपेक्षा कुड नम्र वाटतं. आधी कोणाला दाखवायचं ते, मग काय दाखवायचं ते."

तो ओठांतल्या ओठांत घोकू लागला. इंग्रजीतल्या 'मी'चा अर्थ 'मला', हे काही त्याच्या गळी उतरेना. त्या शब्दाशी आला की तो छातीला बोट लावायचा आणि मगच पुढे जायचा.

"मीच विचारते की," मी म्हटलं.

"नको ताई. तो शुद्धीवर असला तर माझा आवाज त्याला ऐकू जाऊ दे."

तो काउंटरपाशी गेला आणि साइटवर हाक मारावी तशा आवाजात त्याने ते वाक्य फिलिपिनो नर्सला म्हणून दाखवलं. सगळे वळून बघू लागले. नर्सने हळू बोलायची खूण केली.

तेवढ्यात पडद्यामागून बारीक आवाज आला, "दादा, मी इकडं हाय."

नर्सने पडदा बाजूला केला. तो लगेच आत गेला नाही. आधी त्याने बाहीने तोंड पुसलं, मग गेला.